नंबर डबीवर, माप निपलवर

वाचकाचं पत्र, थोडक्यात

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात 40 वर्षं लेथ चालवून आता शॉप मुलाच्या हवाली केलेले एक वाचक लिहितात: लेक आणि जावई अमेरिकेत, इंडियाना राज्यात असतात. जावयाला काळ्या दारूवर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरचा नाद आहे. त्याच्याकडं दोन आहेत, दोन्ही इटलीत बनलेल्या प्रतिकृती. एक उबेर्टी कंपनीची कोल्ट 1851 नेव्ही, .36 कॅलिबरची. दुसरी पिएट्टाची रेमिंग्टन, .44 ची, कुणाची तरी वापरलेली घेतलेली. गेल्या उन्हाळ्यात हे काका त्याच्याबरोबर क्लबवर गेले आणि तिथं बघितलं ते त्यांच्या डोक्यातून जाईना. 11 नंबरच्या टोप्या, म्हणजे घोड्याच्या ठोक्यानं पेटून आतली दारू पेटवणाऱ्या इवल्या वाट्या, कोल्टच्या निपलवर, म्हणजे टोपी बसते त्या भोकाच्या खुंटीवर, सैल; घोडा चढवताना एखादी गळून पडते. त्याच टोप्या रेमिंग्टनवर पुऱ्या खाली जात नाहीत. पहिला ठोका फुकट, दुसऱ्याला बार. मग जावयानं दुसऱ्या कंपनीची 10 नंबरची डबी आणली, तर त्या कोल्टवर जेमतेम जातात आणि रेमिंग्टनवर दाबताना कडेला चिरतात. सैल टोप्या तो पकडीनं चिमटून बसवतो. पत्रात जाता जाता असंही आहे, की जावई रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून रिकाम्या रेमिंग्टनचा चाप ओढत 'हात बसवतो'.

काकांचं म्हणणं असं: "नंबर म्हणजे नंबर. 11 ला 11 बसलंच पाहिजे. कंपन्यांचा काहीतरी घोळ आहे. मी इथंच ईएन-8 पोलादात 12 निपल टर्न करतो, हार्डन करून घेतो आणि दिवाळीनंतर जाताना बॅगेतून नेतो. एकदाच काय ते काम होऊन जाईल. पण जावयाला राग येईल का? लेक म्हणते, बाबा, तुम्ही त्यात पडू नका. आणि टोप्या नेमक्या कुठल्या घे म्हणून सांगू?" ता. क. मध्ये आणखी एक: चंदगडकडच्या चुलतभावाकडं परवान्याची ठासणीची बंदूक आहे, येताना त्याला टोप्यांच्या चार डब्या आणू का?

उत्तर

काका, बाकीचं सावकाश बोलू. आधी ते निपलचं काम थांबवा. सळई कापून चकमध्ये धरली असेल तर तशीच काढून ठेवा.

तुमच्या हिशेबी तो दीड-दोन सेंटिमीटरचा एक टर्न केलेला तुकडा आहे. उद्यमनगरात दिवसाला असे शेकडो निघतात. पण शस्त्र कायदा, 1959 मध्ये 'शस्त्र' म्हणजे काय हे सांगताना शस्त्राचे भागही त्यातच धरले आहेत. परवान्याशिवाय ते बनवायचे नाहीत, असं कलम 5 सांगतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना बनवण्याची शिक्षा कमीत कमी 7 वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. कोणीतरी तुम्हाला सांगेल, "अहो, किरकोळ भागांना सूट आहे." आहे, पण तो भाग शस्त्राच्या बाकीच्या भागांना जोडायचा नसेल तेव्हा. तुम्ही तर तो जोडण्यासाठीच बनवताय, आणि तसं स्वतःच्या अक्षरात मला लिहूनही कळवलंय. शस्त्र परदेशात आहे, नातं घरचं आहे, हेतू चांगला आहे, यातलं काही इथं उपयोगाचं नाही. आणि मुंबईच्या विमानतळावर बॅग उघडून "हे काय?" असं विचारल्यावर "रिव्हॉल्व्हरचे निपल" हे उत्तर देऊन बघायची गोष्ट नव्हे. शॉप आता मुलाच्या नावावर आहे, हेही ध्यानात घ्या.

कायदा बाजूला ठेवला तरी एक टर्नर म्हणून तुम्ही फसला असता, ते वेगळंच. या इटालियन प्रतिकृतींच्या निपलचा आटा बहुतेक करून 6 मिलिमीटरचा, पण पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 0.75. आपल्याकडं एम-6 म्हटलं की हात आपोआप 1 च्या पिचवर जातो. अंदाजानं 12 नग काढून तिकडं नेले असते, तर एकही आत गेला नसता. किंवा गेला असता ते सिलिंडरचा आटा खाऊन. ते जास्त वाईट.

आता तुमच्या मूळ वाक्याकडं येऊ: 11 ला 11 बसलंच पाहिजे. तुमचं असं का झालं ते मला कळतं. तुम्ही आयुष्यभर बेअरिंग बसवलीत. 6203 मागितलं की कुठल्याही कंपनीचं घ्या, आत 17, बाहेर 40, जाडी 12. दुकानदाराला विचारावं लागत नाही. टोपीचा 10 किंवा 11 तसा नाही. अमुक नंबर म्हणजे आतून इतकं आणि उंचीला इतकं, असं सगळ्या कारखान्यांनी पाळलेलं एक माप नाही. रेमिंग्टन कंपनीची 10 नंबरची टोपी आणि सीसीआयची 10 नंबरची टोपी शेजारी उभ्या केल्या, तर रेमिंग्टनची उंच दिसते. नंबर एक, वस्तू दोन. जर्मनीच्या आरडब्ल्यूएसनं तर 10-11 च्या भानगडीत न पडता आपल्या टोपीला 1075 असा स्वतःचाच नंबर दिलाय. त्यात तुमच्याकडं पिस्तूल इटलीचं, टोपी अमेरिकेची, आणि मूळ नमुना पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा. फसवणूक कुणीच करत नाहीये. सगळ्यांना धरून ठेवणारं एक गेज नाही, एवढंच.

म्हणून "कुठली टोपी चांगली" हा प्रश्न मी तुमच्याकडून काढून घेतो. त्याऐवजी तुमच्या हातात आहे तो प्रश्न विचारा: या निपलचं माप काय?

टोपी काय करते ते एकदा नजरेसमोर आणा. तांब्याची इवलीशी वाटी, तळाशी ठोक्यानं पेटणाऱ्या मसाल्याचा पातळ थर. ती निपलच्या शंकूवर उपडी बसते. घोडा पडतो, मसाला घोडा आणि निपलचं तोंड यांच्यामध्ये चिरडतो, ठिणगी निपलच्या भोकातून आतल्या दारूपर्यंत जाते. यात फिट दोन ठिकाणी हवी. एक, वाटीच्या कडेनं शंकूला धरून ठेवलं पाहिजे. दोन, मसाल्याचा थर निपलच्या तोंडाला टेकला पाहिजे. लोक पहिलीच बघतात. हाताला घट्ट लागली की बसली म्हणतात. पण टोपी कडेला घट्ट आणि तळाशी अधांतरी असेल, तर घोड्याचा पहिला ठोका तिला नुसता खाली ढकलण्यात खर्च होतो. दुसऱ्या ठोक्याला ती पेटते. तुमच्या जावयाच्या रेमिंग्टनचं लक्षण अक्षरशः हेच आहे.

मग रेमिंग्टनवर ती अधांतरी का राहते? इथं तुमच्या पत्रातलं टीव्हीचं वाक्य मला सगळ्यात कामाचं वाटलं. रिकाम्या निपलवर घोडा पुन्हा पुन्हा आपटला, की निपलचं तोंड बाहेरच्या बाजूला पसरतं. छिन्नीच्या डोक्याला हातोडी खाऊन खाऊन जी कड येते, ती तुम्ही रोज बघितली आहे. इथं ती केसाएवढीच असते, नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही, पण नख फिरवलं की अडतं. 11 ची टोपी त्या कडेवर थांबते. 10 ची दाबून घातली की तिथंच चिरते. दोन्ही लक्षणांचं मूळ एक. निपल हातात न घेता मी हे छातीठोक सांगू शकत नाही, पण वापरलेलं पिस्तूल आणि वर रोजचा रिकामा चाप, म्हटल्यावर माझा पहिला संशय तिथंच जातो. आधीच्या मालकानं काही निपल बदलले असतील आणि सहापैकी दोन वेगळ्याच जातीचे निघतील, हीही शक्यता आहे. वापरलेल्या मालात ते सर्रास असतं.

तर तिकडं गेल्यावर करायचं काम हे. पिस्तूल रिकामं आहे हे जावयानं स्वतः दाखवावं, टोपी एकही नाही, दारू खोलीत नाही. निपलच्या पान्यानं सहाही निपल काढायचे आणि कुठला कुठल्या घरातला (घर म्हणजे सिलिंडरमधला दारू-गोळीचा कप्पा) ते लिहून ठेवायचं. गरम पाण्यात धुऊन काजळी पुरती काढायची, कारण काळ्या दारूची राख शंकूवर बसली की माप खोटं येतं. मग मायक्रोमीटर. शंकू टेपरचा असल्यामुळं एक माप पुरत नाही: तोंडाशी एक, बुडाशी एक. आकडा 4 मिलिमीटरच्या थोडा वर येईल. पण खरा बघायचा तो सहांमधला फरक. सहाही एकसारखे आले तर टोपी निवडणं सोपं. एक जाड, एक बारीक असेल तर जगातली कुठलीही डबी आणा, दोन टोप्या गळणार आणि दोन चिरणार. तुम्हाला हे सांगायला नको, पण पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो: सहा वेगवेगळ्या शाफ्टना एकच बुश बसवायचा हट्ट कोणी करत नाही.

यानंतर घोडा. निपल परत लावा, घोडा हातानं धरून हळूच खाली आणा आणि तो पूर्ण खाली असताना निपल आणि घोडा यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून बघा. पट्टी अडकली तर घोडा निपलला मार देतोय. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, असेल तर त्यानं बघा, तुम्हाला कागदापेक्षा तेच आवडेल. फट असावी, पण नावापुरती; जास्त झाली तर ठोकाच कमी पडतो. घोडा टेकत असेल तर नवे निपल घालूनही महिन्याभरात तीच कड येईल. आणि जावयाचा संध्याकाळचा सराव बंद पाडायची गरज नाही. सहाही निपलवर रबरी नळीचे छोटे तुकडे चढवले की भागतं.

कड बारीक असेल तर निपल ड्रिलमध्ये हलकेच धरून, फिरता ठेवून, बारीक दगडानं उतरवता येते. ते काम जावयाच्या गॅरेजमध्ये, जावयाच्या हातून होऊ द्या. तुम्ही शेजारी उभं राहून "बास, बास, आता माप बघ" एवढं म्हणा. शंकूचं बाकीचं अंग घासत बसायचं नाही. जास्त खराब असेल तर सरळ सहाचा नवा संच घ्यावा. तिकडं असे संच तयार मिळतात, त्यांच्यावर कुठल्या टोपीसाठी आहेत तेही सांगितलेलं असतं. ट्रेसो नावाचे निपल 10 नंबरच्या टोपीसाठी म्हणून ओळखले जातात. स्लिक्स-शॉट नावाचे दुसरे आहेत, त्यांना बाजूला एक बारीक आडवं भोक असतं.

त्या आडव्या भोकाचं कारण कळलं की कोल्टचं दुखणंही कळेल. बार होतो तेव्हा सगळा दाब पुढं गोळीमागं जात नाही. थोडा निपलच्या भोकातून उलटा मागंही येतो आणि टोपीला आतून फोडतो किंवा उचलून फेकतो. मुख्य भोक जितकं मोठं, तितका हा उलटा झटका मोठा. बाजूचं भोक त्यातला काही वायू टोपी न उचलता बाहेर सोडतं. आता कोल्टची रचना अशी, की वरून ती उघडी. रेमिंग्टनसारखी सिलिंडरवरून जाणारी पट्टी तिला नाही. फुटलेल्या टोपीचे तुकडे घोड्याच्या खाचेत, तिथून आत यंत्रात पडतात आणि पुढच्या वेळी घोडा अर्ध्यात अडतो. शिवाय कोल्टच्या घोड्याच्या तोंडाला एक खाच असते. दोन घरांमधल्या खुंटीवर घोडा टेकवून ठेवता यावा म्हणून ती ठेवलेली. ती खाच वापरलेल्या टोपीला चिमटीत धरून मागं ओढून आणते. जुने नेमबाज घोडा चढवताना नळी आभाळाकडं करतात, ती ऐट नसते. तुकडे मागं आत न पडता बाजूला गळावेत म्हणून करतात. हल्लीच्या काही क्लबांत नळी लक्ष्यामागच्या मातीच्या बांधाच्या वर नेलेली चालत नाही, तेव्हा जावयाच्या क्लबचा नियम आधी.

सांगायचा मुद्दा असा, की कोल्टवर बार झाल्यावर तुकडे पडतात आणि बाराआधी टोपी गळते, हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याचा उपाय निपलच्या भोकात. दुसऱ्याचा टोपीच्या मापात. तुमच्या पत्रात दुसरा आहे: घोडा चढवताना, सिलिंडर फिरताना, न पेटलेली टोपी खाली. म्हणजे कोल्टचे निपल त्या 11 नंबरला बारीक आहेत. सरळ गोष्ट.

पकडीनं चिमटणं मात्र लगेच थांबवायला सांगा. बोटाच्या चिमटीत टोपी किंचित लंबगोल करून तात्पुरतं काम भागवणारे पुष्कळ आहेत, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण लंबगोल टोपी शंकूला दोनच बाजूंनी धरते, उरलेल्या दोन बाजूंना फट राहते. आणि लोखंडी पकडीत ठोक्यानं पेटणारा मसाला दाबणं म्हणजे आपणच घोड्याचं काम करणं. तुकडा डोळ्यात जायला वेळ लागत नाही. चष्म्याशिवाय टोपीला हात लावायचा नाही, हे सासऱ्यांनी नियम म्हणून सांगितलं तर जावयालाही वाईट वाटणार नाही. टोपी शेवटच्या थोड्या अंतरात दाबायला लाकडाची गुळगुळीत काडी घ्या. टोप्या लावायच्याही शेवटी, फायरिंग लाइनवर, नळी लक्ष्याकडं असताना.

सैल टोपीची भीती गळण्यापुरती नाही. या रिव्हॉल्व्हरमध्ये एका घराचा बार होताना शेजारची घरंही पेटू शकतात. आग पुढून, गोळीच्या कडेनं शिरते की मागून, सैल किंवा गळालेल्या टोपीच्या निपलमधून, यावर जाणकारांत वाद आहे आणि तो मिटेल असं मला वाटत नाही. शहाणा माणूस दोन्ही दारं लावतो. पुढून: गोळी घरापेक्षा किंचित मोठी, म्हणजे .36 ला बहुधा .375 ची आणि .44 ला .451 किंवा .454 ची, ठासताना तिच्या कडेचं शिशाचं बारीक कडं कापलं गेलं की समजायचं घर बंद झालं. वरून चरबीचं वंगण, किंवा गोळीखाली वंगणात भिजवलेली चकती. मागून: प्रत्येक निपलवर नीट बसलेली टोपी.

आता डब्या. दोन्ही पिस्तुलांचे निपल कारखान्यातूनच आलेले निघाले, तर मी पहिल्यांदा रेमिंग्टन कंपनीच्या 10 नंबरची डबी बघायला सांगेन, कारण तिची कड लांब असल्यानं ती इटालियन शंकूला बरी धरते. दुसरी आरडब्ल्यूएस 1075. सीसीआयची 11 पुष्कळांना चालते, काहींना सैल पडते, तुमच्या कोल्टला पडलीच आहे बहुतेक. सीसीआयची 10 कारखानी निपलवर अनेकदा घट्ट जाते. हा क्रम म्हणजे निकाल नव्हे, कुठून सुरुवात करायची तेवढं. प्रत्येकी 100 ची एकच डबी घ्यायची. स्वस्त पडतं म्हणून हजार मागवायच्या नाहीत, जमेपर्यंत तरी. ऑनलाइन मागवल्या तर तिकडं धोक्याच्या मालाचे वेगळे पैसे पडतात, म्हणून क्लबातल्या माणसाकडून दहा-दहा नमुन्याला मिळाल्या तर उत्तम. कोविडनंतर या टोप्यांचा तिकडं मोठा तुटवडा झाला होता. मिळेल ती डबी उचलायची सवय तेव्हा बऱ्याच जणांना लागली, जावयाच्या दोन न जुळणाऱ्या डब्या त्यातूनच आल्या असतील.

बसते का ते बघायला तुमच्या धंद्यातलीच युक्ती चालेल: ब्लू, म्हणजे रंग, लावून कुठं टेकतं ते बघायचं. प्रशियन ब्लू नको, शंकूवर साधा मार्कर फिरवा. रेंजवर, दारू न भरलेल्या पिस्तुलावर टोपी बोटानं बसवा, किंचित फिरवा, काढा. शाई कुठं पुसली ते बघा. शंकूभोवती पूर्ण वळसा पुसला असेल आणि तोंडावरची शाईही उडाली असेल, तर टोपी धरतेही आहे आणि टेकतेही आहे. नुसता वरचा काठ पुसला तर अधांतरी. काहीच पुसलं नाही तर सैल. न निघणारी टोपी उकरत बसू नका, लक्ष्याकडं नळी करून तशीच वाजवा. असं वाजवताना जमिनीवरच्या गवताच्या पात्यासमोर नळीचं तोंड धरलं तर पातं हलतं. हललं म्हणजे निपल ते नळी वाट मोकळी आहे, तेल-काजळी अडकलेली नाही. दारू भरायच्या आधी हे प्रत्येक घराचं करावंच. आणि एक दोन सिलिंडर वाजवून झाल्यावर पुन्हा बघा. स्वच्छ शंकूवर छान बसणारी टोपी राख चढल्यावर बसेनाशी होते. ती निवड चुकीची नसते, मध्ये ओला फडका फिरवायचा राहिलेला असतो.

एवढं करूनही ठोका पडून बार होत नसेल, तर दोष टोपीवर ढकलण्याआधी दारू विचारा. खरी काळी दारू ठिणगीला लगेच पेटते. पायरोडेक्ससारखे तिचे पर्याय उशिरा पेटतात, त्यांना जास्त गरम टोपी लागते, म्हणून मॅग्नम नावाच्या टोप्या निघाल्या. खऱ्या काळ्या दारूला त्या घालण्यात अर्थ नाही, उलट तुकडे वाढतात. बार झाला नाही की नळी निदान एक मिनिट लक्ष्याकडंच ठेवायची. वळून "काय झालं?" म्हणून बघायचं नाही.

लेकीचं म्हणणं आता. "बाबा, त्यात पडू नका." तुम्हाला ते लागलंय, पत्राच्या सुरावरून दिसतं. पण ती काय म्हणतेय बघा. तुम्ही न विचारता, न मोजता, 12 तयार निपल टेबलावर ठेवणार, म्हणजे जावयाला कळणार ते एवढंच, की तुझं दोन वर्षांचं खटपट करणं सासऱ्यांनी एका लेथवर निकालात काढलं. शिवाय या नादात गंमत खटपटीचीच असते. ज्याला नुसता नेम धरायचा असेल तो काळी दारू, वंगण, धुणं, पुसणं असल्या उद्योगात पडेलच कशाला? आपल्याकडच्या पोरांनी नेमबाजीत जगभर नाव काढलं. स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसहून कांस्य आणलं. ती एका जातीची शिस्त, ही दुसऱ्या जातीची. तुमचा जावई त्यातल्या काजळीच्या बाजूचा आहे. तेव्हा निपलऐवजी तुमचा स्वतःचा मायक्रोमीटर न्या, खोक्यासकट. "हे तुझ्याकडं असू दे" म्हणून द्या, आणि सहा निपलच्या मापांची वही त्यालाच लिहू द्या. रिकाम्या चापाचं निदानही तुम्ही सांगू नका. माप लिहिताना रेमिंग्टनच्या निपलच्या तोंडाशी आकडा फुगलेला त्यालाच दिसेल. सासऱ्यानं जावयाची चूक सापडून न सापडल्यासारखी करणं हे कोल्हापुरात अवघड जातं, पण जमवा.

एक सूचना तुमच्यासाठी. अशा जुन्या धाटणीच्या पिस्तुलांना अमेरिकेच्या संघीय कायद्यात बऱ्याच बाबतींत सवलत आहे, पण राज्याराज्यांत फरक आहे आणि पाहुण्याच्या व्हिसावर गेलेल्या माणसाला शस्त्रांचे नियम वेगळे लागतात. तुम्ही मोजा, बघा, बोला. स्वतः बार काढायचा असेल तर क्लबच्या लोकांना आधी विचारा. इंडियानातच, फ्रेंडशिप नावाच्या गावात, ठासणीच्या बंदुकांच्या अमेरिकन संघटनेचं मोठं रेंज आहे. जमलं तर एखाद्या स्पर्धेच्या वेळी दोघं मिळून जाऊन या. तिथं एका सकाळी जेवढे निपल आणि जेवढ्या तऱ्हेच्या टोप्या बघायला मिळतील, तेवढ्या कुठल्याही डबीवर लिहिलेल्या नसतात.

आता ता. क. चंदगडच्या भावासाठी डब्या आणायच्या नाहीत, एकही नाही. टोप्या आणि काळी दारू विमानात हातातल्या बॅगेतही चालत नाहीत, खाली टाकायच्या बॅगेतही नाहीत. आपल्या कायद्यात टोपी दारूगोळ्यात मोडते, म्हणजे बिनपरवाना आयातीचा वेगळाच गुन्हा. भावाकडं परवाना आहे, तर त्यानं परवाना घेऊन अधिकृत विक्रेत्याकडं जावं, नोंद करून टोप्या घ्याव्यात. जाताना बंदुकीच्या निपलचं माप कागदावर लिहून न्यावं, आणि ते तुम्हीच घेऊन द्या, बंदूक परवानाधारकाच्या हातात असताना. टोपी मिळत नाही म्हणून टिकल्या नाहीतर काडेपेटीचा गूल वापरणारे अजून आहेत, भाऊ त्यांतला असेल तर त्याला माझ्या वतीनं चार शब्द ऐकवा. आणि ज्या कुणा वाचकाच्या माळ्यावर आजोबांचं परवाना नसलेलं टोपीचं पिस्तूल गुंडाळून ठेवलेलं असेल, त्यांनी त्यावर टोपी बसवून बघू नये. जुनं आहे म्हणून सूट मिळते ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा शस्त्राला. तुमचं त्यात बसतं की नाही हे पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारायचं असतं, उद्यमनगरात नव्हे.